सहा खाचरांचा पुरावा

शेतीच्या कामात पडलेल्या माणसास दोन गोष्टींचा मेळ घालण्याची सवय आपोआप लागते. मृगात पाऊस वेळेवर झाला की आवण जोमदार येते, चुडाला फुटवे अधिक असले की भात अधिक मिळते, उशिरा लावणी झाली की उतारा घटतो, अशा कितीतरी जोड्या आपण बोलण्यात वापरतो. त्यांपैकी काहींच्या मागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे, तर काहींच्या मागे केवळ मागल्या हंगामाची आठवण. अलीकडे अशा जोडीस आकड्याचे रूप देणे फार सोपे झाले आहे. हातातील भ्रमणध्वनीवर दोन रकाने भरले की ‘सहसंबंध गुणांक’ क्षणात समोर येतो. पूर्वी हा हिशेब करावयास अर्धा दिवस लागे आणि त्या अर्ध्या दिवसात मनुष्य थोडा विचारही करीत असे. आता गुणांक आधी येतो आणि विचार मागे राहतो.

गावपातळीवर काम करणाऱ्या बंधूंना व शेतकऱ्यांना या लेखात एकच गोष्ट सांगावयाची आहे. दोन गोष्टी बरोबर चालताना दिसल्या, तर तो योग केवळ नशिबाचा नाही ना, हे तपासल्याविना त्यावरून कोणासही सल्ला देऊ नये. या तपासणीस संख्याशास्त्रात ‘सार्थकतेची चाचणी’ म्हणतात. ही चाचणी प्रयोगशाळेतील पंडितांसाठीच आहे असा समज आहे. मीही पदवी घेताना ती परीक्षेपुरतीच शिकलो होतो. तिची किंमत मला भिवपुरीच्या शिवारात कळली, आणि ती किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली.

भिवपुरीचे नाव बाहेर ठाऊक आहे ते वीजघरामुळे. घाटमाथ्यावरील ठोकरवाडीच्या जलाशयाचे पाणी खाली आणून येथे १९२२ सालापासून वीज निर्माण होते, आणि वीज करून सुटलेल्या पाण्यावर राजनाला कालव्याच्या आधाराने कर्जत तालुक्यात उन्हाळी भात घेतले जाते. परंतु मी सांगतो ती गोष्ट खरिपाची. सह्याद्रीच्या पायथ्याकडे जमीन पायरीपायरीने चढत जाते. खालची खाचरे खोल मातीची व पाणी धरून ठेवणारी, तर वरची हलकी. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत मी तेथील सहा खाचरांची नोंद ठेवली होती. लावणीच्या वेळी रोप किती दिवसांचे होते आणि काढणीस गुंठ्यामागे किती किलो भात मिळाले, एवढेच दोन रकाने. ते आकडे हिशेबास सोपे पडावेत म्हणून येथे जुळवून घेतले आहेत. त्यांवरून कोणी शिफारस काढू नये.

रोपाचे वय (दिवस): २२, २४, २६, २८, ३०, ३२
भात (गुंठ्यास किलो): ४८, ४९, ४३, ४७, ४०, ४३

कोणीही पाहील तर म्हणेल की रोप जून झाले की भात घटते. मीही तेच म्हटले. गुणांक काढला तो उणे ०.७३ आला. गुणांक उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान असतो. शून्य म्हणजे सरळ रेषेतील मेळ मुळीच नाही, उणे एक म्हणजे एक गोष्ट वाढली की दुसरी ठरल्या मापाने घटलीच. तेव्हा उणे ०.७३ हा आकडा मला भक्कम वाटला. पुढे जाऊन मी असेही काढले की रोप एक दिवस जून झाले की गुंठ्यास सुमारे ७०० ग्रॅम भात जाते. पुढच्या खरिपात हा हिशेब मी शेतकऱ्यांच्या बैठकीत मोठ्या आत्मविश्वासाने सांगितला.

त्या वर्षी जुलैत पावसाने ओढ दिली. वरच्या पायरीवरील एका शेतकऱ्याची चिखलणी लांबली आणि आवण महिन्याच्या पुढे गेले. त्याने माझाच हिशेब माझ्यापुढे मांडला. दहा दिवस जून म्हणजे गुंठ्याला सात किलो गेले, मग हे रोप लावण्यात काय अर्थ आहे? त्याने ते आवण गुरांना घातले, नवे बियाणे आणले, मोड आणून रहू पद्धतीने पेरले. पीक उशिराचे झाले. दाणा भरण्याच्या वेळी पाऊस गेलेला, आणि हलक्या जमिनीत ओल उरली नाही. लोंब्या पुष्कळशा पळींज निघाल्या. बियाण्याचे पैसे, चिखलणीची मजुरी आणि वर्षाचा तांदूळ, असे तिन्ही गेले. तो मला काही बोलला नाही. बोलला त्याचा शेजारी, वयाने बराच वडील. “साहेब, तुम्ही गेल्या साली मोजलीत ना, त्यांतली जून रोपाची खाचरं सगळी वरची. तिथं आवण वेळेवर लावलं तरी भात तेवढंच येतं.”

त्या एका वाक्यात दोन दोष दाखविलेले होते, एक त्याने सांगितलेला आणि दुसरा न सांगितलेला. न सांगितलेला आधी घेतो, कारण तो संख्येचा आहे.

सहा चिठ्ठ्या घ्याव्यात. प्रत्येकीवर वरील भाताचा एकेक आकडा लिहावा. आता रोपाचे वय आणि भात यांचा काडीचाही संबंध नाही असे धरून चालावे. मग कोणते भात कोणत्या वयासमोर पडते हा निव्वळ योगायोग ठरतो. चिठ्ठ्या पिसून एका ओळीत मांडाव्यात. पहिलीस एकाने, दुसरीस दोनाने, असे करीत सहावीस सहाने गुणावे आणि बेरीज करावी. माझ्या वहीतील क्रमाने ही बेरीज ९२१ येते. काहीच मेळ नसेल तर ती सरासरीने ९४५ यावयास हवी. म्हणजे माझा पुरावा मध्यापासून २४ ने ढळलेला आहे. आता पुनःपुन्हा चिठ्ठ्या पिसून पाहावे की, बेरीज ९२१ किंवा त्याहून कमी, अथवा उलट बाजूस ९६९ किंवा त्याहून अधिक, किती वेळा येते. सहा चिठ्ठ्या एकूण ७२० प्रकारांनी मांडता येतात. ते सर्व प्रकार मोजले तर ८८ वेळा मेळ माझ्या वहीइतका किंवा त्याहून घट्ट दिसतो. म्हणजे दर आठ वेळांत सुमारे एकदा. चिठ्ठ्यांना रोपाचे वय ठाऊक नाही, पाऊस ठाऊक नाही, तरी आठांत एकदा त्या माझ्याइतकाच पुरावा उभा करतात! अशा पुराव्यावर मी एका कुटुंबाचे आवण गुरांना घालावयास लावले होते.

(हा खेळ ग्रामसभेत करून पाहण्यासारखा आहे. लेखणीने समजाविलेले विसरते, स्वतःच्या हाताने पिसलेली चिठ्ठी विसरत नाही.)

प्रत्येक वेळी चिठ्ठ्या पिसत बसणे शक्य नाही, म्हणून गणिताने तयार कोष्टक दिले आहे. रीत अशी: खाचरांच्या संख्येतून दोन वजा करावेत, उरलेल्या संख्येचे वर्गमूळ घ्यावे आणि त्याने गुणांकास गुणावे. मग एकातून गुणांकाचा वर्ग वजा करून जे उरेल त्याच्या वर्गमुळाने भागावे. माझ्या सहा खाचरांत हा आकडा २.१३ येतो. वीसांत एकदाच फसावे एवढी खात्री हवी असेल, तर सहा खाचरांसाठी तो २.७८ हून अधिक असावा लागतो. तो नव्हता. दोनच का वजा करावयाचे, असे कोणी विचारील. केवळ दोन खाचरे घेऊन गुणांक काढून पाहावा. वय आणि उतारा दोन्ही भिन्न असतील, तर तो दरवेळी पूर्ण एक किंवा पूर्ण उणे एकच येईल, कारण दोन बिंदूंतून सरळ रेषा जाणारच. पहिल्या दोन खाचरांकडून काहीच सिद्ध होत नाही. खरा पुरावा तिसऱ्यापासून सुरू होतो.

हा भागाकारही नको असेल तर आणखी सोपे कोष्टक लक्षात ठेवावे. वीसांत एक या कसोटीस उतरण्यासाठी गुणांक, त्याचे चिन्ह सोडून, निदान किती असावा हे त्यात आहे. पाच खाचरे असतील तर ०.८७८, सहांस ०.८११, आठांस ०.७०७, दहांस ०.६३२, वीसांस ०.४४४ आणि तीसांस ०.३६१. माझा ०.७३ दहा खाचरांतून आला असता तर कसोटीस उतरला असता. सहांतून आला म्हणून उतरला नाही. आकडा तोच, परंतु त्याचे वजन खाचरांच्या संख्येने ठरते. म्हणून ‘गुणांक एवढा आला’ असे कोणी सांगितले की ‘किती खाचरांतून?’ हा आपला पहिला प्रश्न असावा.

ही विद्या शेतीच्या व्यवहारातूनच वाढली आहे, हे आपल्या लोकांना सांगण्यासारखे आहे. ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणारा विल्यम गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस या मद्य गाळणाऱ्या कंपनीत होता. मद्यासाठी लागणाऱ्या जवाचे थोडेसेच नमुने हाताशी असत, आणि थोड्या नमुन्यांवरून किती बोलावे हा त्याचा रोजचा प्रश्न होता. १९०८ साली त्याने या विषयावर दोन निबंध प्रसिद्ध केले. त्यासाठी त्याने ३,००० माणसांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून ते तुकडे पिसले होते. आपल्या चिठ्ठ्यांचा खेळ तो हाच. गुणांकाचे चोख गणित १९१५ साली रोनाल्ड फिशर यांनी मांडले, आणि पुढे १९१९ पासून ते इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात काम करू लागले. आपल्याकडे विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे या दोघा मराठी संख्याशास्त्रज्ञांनी शेतीत काम करणाऱ्यांसाठी लिहिलेला संख्याशास्त्राचा ग्रंथ भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने १९५४ साली प्रसिद्ध केला. कृषि महाविद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या तो वापरला गेला आहे. पीककापणीचे प्लॉट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने निवडावेत हा आग्रह या देशात रुजविण्यात या दोघांचा मोठा वाटा आहे.

या निवडीविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. कोष्टकातील प्रत्येक आकड्यामागे एक अट असते: खाचरे यदृच्छेने निवडलेली आणि एकमेकांपासून स्वतंत्र असावीत. प्रत्यक्षात आपण कोणती खाचरे मोजतो? जीप जाते तेथली, आणि ज्याच्या घरी चहा मिळतो त्याची. एकाच खाचराचे चार कोपरे मोजून ‘चार नोंदी’ असे लिहिणारेही मी पाहिले आहेत. एकाच खाचराची माती एक, पाणी एक, धनी एक. तेथे चार नोंदी झाल्या तरी पुरावा एकाचाच राहतो. अशा नोंदींवर चाचणी चालविणे म्हणजे एकाच साक्षीदाराला चार वेळा उभे करण्यासारखे आहे.

दुसरीही एक खोड आहे. वहीत चुडांची संख्या, फुटवे, लोंबीची लांबी, दाण्यांचे वजन, रोपाची उंची असे दहा रकाने असले की त्यांच्या आपसांत ४५ जोड्या होतात. वीसांत एकदा फसण्याची मुभा ठेवली असेल, तर कोठेही काहीही संबंध नसतानाही त्यांपैकी दोन जोड्या सहज ‘सार्थ’ ठरतील. मग त्या दोघींच्या डोक्यावर तारांकने चढतात, अहवालात त्यांचेच वर्णन येते आणि उरलेल्या ४३ जोड्यांचा उल्लेखही होत नाही. पदवीसाठी प्रबंध लिहिणाऱ्यांनी रागावू नये, मीही त्यांच्यातलाच. परंतु तारांकन पाहून बियाणे बदलणारा शेतकरी त्या ४३ विषयी विचारू शकत नाही, म्हणून ते सांगणे लिहिणाराचेच काम आहे.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. १०२ खाचरांची नोंद असेल तर ०.१९५ इतका बारीक गुणांकही कसोटीस उतरतो. परंतु ०.२० चा वर्ग ०.०४. म्हणजे उताऱ्यातील चढउतारापैकी शंभरात चारच हिस्से त्या गोष्टीशी जुळतात, आणि बाकीचे ९६ इतर कारणांचे. असा संबंध खरा असेल, पण त्यासाठी शेतकऱ्याने खिशात हात घालावा का, हा वेगळा प्रश्न आहे. सार्थ ठरणे निराळे, आणि फायद्याचे ठरणे निराळे. अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१६ साली जाहीर निवेदन काढून हेच सांगितले की, केवळ एखादी ठराविक रेषा ओलांडली गेली की नाही एवढ्यावर निर्णय घेऊ नयेत. वीसांत एक ही रेषा फिशर यांनी सोयीची म्हणून धरली होती. तिला कायद्याचे रूप आपण दिले.

आता त्या शेजाऱ्याने दाखविलेला दोष. समजा माझी खाचरे सहा नसून साठ असती आणि गुणांक तोच आला असता. चाचणी आनंदाने उत्तीर्ण झाली असती. आणि तरीही माझा सल्ला चुकला असता! वरच्या पायरीवर पाणी उशिरा साचते म्हणून लावणी उशिरा होते आणि रोप जून होते. त्याच पायरीवर माती हलकी म्हणून भात कमी येते. या दोन्हींचे मूळ जमिनीच्या चढात आहे. रोपाचे वय आणि भात ही एकाच बापाची दोन लेकरे आहेत, आणि मी एका लेकराला दुसऱ्याचा बाप ठरविले. सार्थकतेची चाचणी नशिबाला वगळू शकते, जमिनीच्या चढाला नाही. राजनाल्याच्या टोकाकडील उन्हाळी भाताचा उतारा मोजतानाही अशीच फसगत होऊ शकते, कारण जेथे पाणी शेवटी पोहोचते तेथे लावणीही उशिरा होते आणि पुढे पाळीही चुकते. हळवे आणि गरवे वाण एकाच वहीत मिसळले तरी तेच. गरवे अधिक दिवस उभे राहते आणि बहुधा अधिक देते, मग ‘उंच रोप अधिक भात’ असा नियम वहीत उमटतो, जरी एकट्या हळव्यात किंवा एकट्या गरव्यात तो मुळीच नसला.

येथे कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो. रोप फार जून होऊ न देता, खरिपात तीन आठवड्यांच्या सुमारास लावावे ही शिफारस खोटी नाही. कोवळे रोप लवकर मूळ धरते आणि अधिक फुटवे देते. अशा शिफारशी संशोधन केंद्रांवर, पुनःपुन्हा घेतलेल्या तुलनात्मक प्रयोगांतून येतात. कर्जतचे भात संशोधन केंद्र तर १९१९ पासून या कामात आहे. खोटा होता तो माझा ‘दिवसाला ७०० ग्रॅम’ हा आकडा. त्या आकड्यामुळेच तीस दिवसांचे रोप लावण्यापेक्षा टाकून देणे बरे असे एका शहाण्या माणसास वाटले.

मग सहा खाचरांवरून काहीच कळत नाही काय? कळते, पण ती वेगळ्या रीतीने वापरली तर. सहा शेतकरी निवडावेत, काही वरच्या पायरीचे, काही खालच्या. प्रत्येकाच्या खाचराचे मधोमध दोन भाग करावेत. वाण तोच, खत तेच, लावणीचा दिवसही तोच. आवण मात्र दोन वेळा टाकलेले असावे, म्हणजे लावणीच्या दिवशी एक रोप २२ दिवसांचे आणि दुसरे ३२ दिवसांचे मिळेल. कोणत्या भागात कोणते, हे नाणे उडवून ठरवावे. आपल्या मनाने ठरवू नये, कारण मन आपल्या आवडत्या रोपाला चांगला कोपरा देते. आता जमिनीचा चढ दोन्ही भागांस सारखाच लागू झाला, त्याची तक्रार मिटली. वयाचा काहीच परिणाम नसेल तर कोणता भाग जिंकतो हे नाण्यासारखेच होईल. सहाही ठिकाणी एकाच वयाचे रोप वरचढ ठरणे ३२ वेळांत एकदाच घडेल. हा पुरावा वीसांत एक या कसोटीस उतरतो. पाच ठिकाणी एक आणि एका ठिकाणी दुसरे वरचढ ठरले तर मात्र उतरत नाही. तेवढा एकांगी निकाल नाणीही ३२ पैकी सात वेळा दाखवितात, तेव्हा पुढच्या हंगामात आणखी शेतकरी घ्यावेत. खाचरे तीच सहा, पण एका रीतीने त्यांनी मला फसविले आणि दुसऱ्या रीतीने ती खरे बोलू शकतात.

आमच्या कामाला एवढा वेळ कोठे आहे, असे काही सहकारी म्हणतील. लक्ष्ये गाठावयाची असतात, अहवाल द्यावयाचे असतात, हे मला ठाऊक आहे. त्यांना माझी एवढीच विनंती की, नोंदवहीत आणखी तीन रकाने आखावेत: खाचर कोणत्या पायरीवर आहे, वाण हळवा, निमगरवा की गरवा, आणि हे खाचर कोणी व कसे निवडले. तिसरा रकाना भरताना हात थोडा अडखळतो, असा माझा अनुभव आहे. वही घेऊन शेतकऱ्यांपुढे जाण्यापूर्वी ती कर्जतच्या केंद्रातील शास्त्रज्ञांना आणि त्या शिवारातील एखाद्या वडीलधाऱ्या शेतकऱ्याला, अशी दोघांनाही दाखवावी. माझ्या बाबतीत शास्त्रज्ञाने संख्येचा दोष काढला असता आणि शेतकऱ्याने चढाचा. मी दोघांपैकी कोणालाच विचारले नव्हते.